चौकीचं छत आणि आमचे आतोबा

आमच्या गावात ऐतिहासिक म्हणता येईल अशी एकच इमारत आहे, आणि आमच्या पूर्वजांना मीठ चोरल्याबद्दल तिच्यात कोंडून ठेवत असत. पनवेलच्या आसपासच्या बाकी गावांचं नशीब चांगलं. शिरढोणला क्रांतिकारक जन्मले. कुणाकडे किल्ला आहे, कुणाकडे निदान महाराजांच्या घोड्यानं पाणी प्यायलेली विहीर आहे. आमच्याकडे मिठाची चौकी. खाडीच्या काठावर काळ्या दगडाची, जाड भिंतींची, वर गोलाकार चुन्याच्या छताची एक लांबट खोली. साहेबाच्या राज्यात तिथं सरकारी कारकून बसायचा आणि मिठागरातून निघणाऱ्या मिठावर नजर ठेवायचा. आमचे खापरपणजोबा त्याची नजर चुकवून लंगोटीत मीठ बांधून न्यायचे. घामानं विरघळलेलं मीठ लंगोटीत काय हाल करत असेल, याचा विचार आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कुणी केलेला दिसत नाही. पराक्रम म्हणून आमच्याकडे हीच एक गोष्ट सांगतात.

आता मिठागरं नाहीत, त्यांच्यावर सेक्टर आहेत. मी स्वतः कामोठ्यात अशाच एका सेक्टरात राहतो, म्हणजे बहुधा ज्या जागेवरून खापरपणजोबा पळाले त्याच जागेचे हप्ते फेडतो. गाव खिडकीतून दिसतं, इतकं जवळ की रिक्षावाला यायला तयार होत नाही. तरी मी "गाव सोडल्याचं दुःख" या विषयावर बोलायला लागलो की बायको म्हणते, "चप्पल घाला आणि जाऊन या. पोहे होईपर्यंत परत याल."

चौकीचं आणि आमच्या लग्नांचं एक नातं आहे, ते आधी सांगायला हवं. मिठाचा हंगाम आणि लग्नाचा हंगाम एकच, पावसाळा संपल्यापासून पुढचा लागेपर्यंत. नवरदेव मिठागरावर कामाला, आणि कारकून सुट्टी देत नसे. मग नवऱ्याकडच्या बायका हळदीची वाटी घेऊन थेट चौकीत शिरायच्या आणि कारकुनासमोर उभ्या राहून धवला म्हणायच्या. धवला म्हणजे आमच्या आगरी लग्नातलं गाणं, आणि ते गाणारी ती धवलारीण. आमच्यात लग्न तीच लावायची, भटजी फार नंतर आले. त्या चौकीतल्या धवल्यात कारकुनाचं नाक, कारकुनाची बायको, कारकुनाचं अक्षर, सगळ्याचा उद्धार असे. त्या गोल छताखाली आवाज असा काही घुमतो की एक बाई गायली तरी दहा जणी भांडायला आल्यासारखं वाटतं. शेवटी कारकून कानावर हात ठेवून म्हणायचा, घेऊन जा तुमचा नवरा.

कारकून गेला, साहेब गेला, नवरदेव आता ऐरोलीच्या कंपनीत असतो आणि सुट्टी मोबाइलवर मंजूर होते. पण हळद लागायच्या आधी पहिला धवला चौकीत, हे काही सुटलं नाही. पुढे नवरीकडच्याही बायका तिथं जायला लागल्या, कारण कारकुनाला शिव्या द्यायची संधी एकाच घराला का म्हणून मिळावी? मी स्वतः बेलापूरला एका कार्यालयात कारकून आहे, त्यामुळे गावातल्या प्रत्येक लग्नात माझ्या खात्याचा जाहीर उद्धार होतो आणि मी तो टाळ्या वाजवत ऐकतो.

गावची धवलारीण म्हणजे माझी आत्या. वडिलांची धाकटी बहीण. वय विचारलं तर "आधार कारडावर हाय ते चुकीचं हाय" एवढंच सांगते, खरं काय ते सांगत नाही. तिचा आवाज एके काळी खाडीपलीकडे जायचा. आता तो बारीक झालाय. मांडवात डीजे लागला की आत्या गातेय हे फक्त तिच्या ओठांवरून कळतं. तिच्या हातात माइक दिला तर ती तो झुरळ धरावं तसा धरते.

गेल्या दिवाळीनंतर गावकीनं ठरवलं की चौकी पाडायची आणि तिथं मोठा हॉल बांधायचा. खाली पार्किंग, वर एसी, स्टेज, लाल कार्पेट. आत्या दुसऱ्याच दिवशी आमच्या घरी हजर झाली. लिफ्टवर तिचा विश्वास नाही, त्यामुळे जिन्यानं आली आणि दारातच बसली.

"बाला, चौकी पाडतान."

"ऐकलं, आत्या."

"नुसता आयकू नको. मांडवान माजा कोन आयकतंय? तो डीजेवाला मना बोलतो, आजी जरा बाजूला. चौकीन गेली का अजून बाया गप व्हतान. ती गेली का माजा गानाच गेला. नातीची हलद हाय माघात. तिला मी मोबाइलवं वाजवून दावू काय?"

बायको चहा ठेवायला उठली आणि जाता जाता माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला चौकी वाचवणं भाग पडलं.

मी शिकलेला माणूस, म्हणजे वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचणारा. इमारत जुनी आहे असं कुणीतरी अधिकृतपणे म्हटलं की ती पाडता येत नाही, एवढं मला ठाऊक होतं. ओळखीतून ओळख काढत मी एका बाईंपर्यंत पोचलो. वास्तुकला शिकवून निवृत्त झालेल्या, आणि आता जुन्या इमारतींच्या नोंदी करत फिरणाऱ्या. फोनवर "मिठाची चौकी" म्हटल्यावर त्या इतक्या खूश झाल्या की मला वाटलं, चुकून मी लाल किल्ला म्हणालो की काय.

गावकीच्या बैठकीत मी उभा राहिलो. चौकी हा आपला वारसा आहे, असं म्हणालो. मागून कुणीतरी विचारलं, "कोनाचा वारसा? आपल्याला कोंडायचे ना रं तिथं?" दुसरा म्हणाला, "मंग तिथं एक क्रांतिकारक लपला होता असा बोला. शिरढोण जवल हाय, आला असंल चालत." तिसऱ्याला घोडा हवा होता. अध्यक्षांनी विचारलं, "बाई काय बघनार?" मी म्हणालो, "इमारत बघणार. आवडली तर नोंद करणार. मग पाडता येणार नाही." अध्यक्ष विचारात पडले. शेवटी म्हणाले, "बघून जाऊ दे. बाई काय बोलतान ते आयकू, मंग ठरवू." आणि माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "तू बाईंना आन. बाकीचं आमच्यावर सोड."

हे "बाकीचं" म्हणजे काय ते मी विचारलं नाही. कार्यालयात डिसेंबरअखेरची कामं होती, आणि बाईंची तारीख लांबची मिळाली होती. मधल्या काळात मी गावाकडे फिरकलो नाही. बाई यायच्या आदल्या दिवशी गेलो, आणि चौकीच्या दारात चप्पल काढायची की नाही हे मला कळेना. आत आरसा होता की फरशी तेच समजत नव्हतं.

आमच्या गावात पाहुणा येणार म्हटलं की घर रंगवतात. मोठा पाहुणा असेल तर टाइल्स बदलतात. मुंबईची बाई मुद्दाम चौकी बघायला येतेय म्हटल्यावर ती अशी भिकाऱ्यासारखी कशी दाखवायची? खाली चकचकीत फरशी. भिंतींना छातीपर्यंत निळ्या टाइल्स, त्यावर हंस. उंबरठ्याला ग्रॅनाइट. आणि वर, त्या चुन्याच्या गोल छताच्या खूप खाली, पांढरंशुभ्र पीओपीचं सपाट छत, मध्ये कमळ, कमळात बदलत्या रंगाचे दिवे.

शिवाय प्रत्येक गोष्टीवर नाव होतं. आमच्याकडे देवळाला घंटा दिली तरी तिच्यावर वडिलांचं नाव घालतात. इथं तर संधी मोठी होती. उंबरठा अध्यक्षांच्या वडिलांच्या स्मरणार्थ. खिडकी कुणाच्या आजीच्या. हंसांची एकेक रांग एकेका भावकीची, आणि दोन भावक्यांचे हंस एकमेकांकडे पाठ करून, कारण त्यांच्यात बोलणं नाही. मी मान वर केली तर पंखा दिसला, आणि त्याच्या पात्यांवर माझ्याच वडिलांचं नाव.

"हे कुणी दिलं?" मी बायकोला फोन केला.

"मी दिलं. सगळ्यांचे वडील आहेत, आपलेच नाहीत, बरं दिसतं का ते?"

पंखा चालू असला की नाव वाचता येत नाही, आणि बंद केला की उकडतं. वडील हयातीत जेवणाच्या पाटावरून उठायला कुरकुर करायचे. आता गरगरा फिरत होते.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. खादीची साडी, खांद्याला पिशवी, गळ्यात कॅमेरा. दारात थांबल्या. चष्मा काढून पुसला, परत घातला.

"हे… ग्रॅनाइट कधीचं?"

"दगडच हाय मॅडम," अध्यक्ष म्हणाले. "दगड काय नवा असतो?"

"आणि हे हंस?"

"ते जोडीनं येतान. एकटा भेटत नाय."

बाईंनी कॅमेरा काढला, वर कमळाकडे धरला. कमळ तेवढ्यात गुलाबीचं हिरवं झालं. त्यांनी कॅमेरा परत पिशवीत ठेवला. अतिशय हळू आवाजात मला म्हणाल्या, "अहो, नोंद करायची तर मला काहीतरी जुनं दिसायला हवं ना." अध्यक्षांनी ते ऐकलं आणि बाहेर ओट्यावर बसलेल्या गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला दोन्ही खांद्यांना धरून आत आणलं. "हे बघा मॅडम. ह्याच्याहून जुना काय पायजे?" म्हातारबुवा बाईंना नमस्कार करून म्हणाले, "फरशीव जरा घसरतंय."

बाई भल्या होत्या. जेवायला थांबल्या, खाडीतल्या जिताडा माशाचं कालवण दोनदा घेतलं, आणि जाताना म्हणाल्या की नोंद होणार नाही, सॉरी. आमचं काम त्यांना इतकं मनापासूनचं वाटलं होतं की त्यांना रागावताही येईना.

संध्याकाळी चौकीतच बैठक बसली. वारसा नाही, तर मग हॉल, असं ठरलेलंच होतं. अध्यक्षांनी घसा खाकरला. "तर पाडायला कदी घ्यायची?"

सगळे आपापल्या टाइलकडे बघत होते.

"जेसीबी कुठून घालायचा?" एकानं विचारलं.

"दरवाजातनं."

"मंग उंबऱ्यापासनं सुरवात. तुजा बाप पयला."

"माजा का?" अध्यक्ष उसळले. "मागच्या भिंतीपासनं घ्या."

"मागं आमची आजी हाय!"

खिडकीवाले उभे राहिले. हंसवाल्या दोन्ही भावक्या, ज्या एकमेकांशी वर्षानुवर्षं बोलत नव्हत्या, त्या एका सुरात म्हणाल्या की आमच्या बापाला हात लावून दाखवा. एक तरुण मुलगा म्हणाला की सगळ्या टाइल्स अलगद काढून नव्या हॉलमध्ये बसवू. त्याला त्याच्या काकांनी विचारलं, "मेलेला मानूस परत उपटतान काय रं?" हॉलसाठी पलीकडची तबेल्याची जागा बघायची असं ठरलं आणि बैठक संपली.

म्हणजे चौकी वाचली. पूर्वजांना तिथं कोंडलं होतं म्हणून नाही, ती जुनी आहे म्हणूनही नाही. सगळ्यांचे बाप तिथं चिकटलेत म्हणून. श्रेय माझ्याकडे आलं, आणि मी ते घेतलं. घरी येऊन बायकोला म्हणालो, "वाचवली." ती म्हणाली, "पंख्यानं."

आत्याला सांगायला मी दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेलो तर ती घरी नव्हती. चौकीत होती. एकटीच खाली फरशीवर बसून वर बघत होती.

"आत्या, वाचली की!"

"काय वाचला?" ती म्हणाली. "ये, बस. आयक."

तिनं धवल्याची पहिली ओळ म्हटली. मी तिच्या पुढ्यात बसलो होतो, तरी मला वाटलं ती शेजारच्या घरातून गातेय. आवाज वर गेला आणि पीओपीला चिकटून तिथंच राहिला. घुमणं नाही, परत येणं नाही. उशीत तोंड खुपसून बोलावं तसं.

"तुमी चौकी ठेवली आनि छप्पर काढला," आत्या म्हणाली. छप्पर काढलं नव्हतं, झाकलं होतं. पण मी दुरुस्ती सुचवली नाही.

"मग हे छत काढू या, आत्या. नुसतं छत."

"वाच वर. कोनाचा हाय?"

मी कमळाच्या कडेनं लिहिलेलं वाचलं. छत आमच्या आतोबांच्या स्मरणार्थ होतं. आत्याच्या मुलाचा, माझ्या आतेभावाचा, बिल्डरांना माल पुरवायचा धंदा आहे. त्यानं वडिलांसाठी सगळ्यात मोठी वस्तू निवडली होती. आणि कालच सगळ्या गावानं ठरवलं होतं, कुणाच्या बापाला हात लावायचा नाही.

आतोबांबद्दल सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना आवाज सहन होत नसे. पोरांचा, कावळ्यांचा, कुकरच्या शिट्टीचा. आणि सर्वात जास्त आत्याच्या गाण्याचा. ती लग्नाहून आली की अंगणातूनच विचारायचे, "आलीस कोकलून?" घरात तिनं कधी गुणगुणलं तरी ते भिंतीवर काठी आपटायचे. आत्या सगळ्या गावाची लग्नं गाऊन लावायची आणि आपल्या घरात मुकी असायची.

"आता बग," ती म्हणाली, "डोक्याव येऊन बसला."

मी आतेभावाशी बोलून पाहिलं. त्यानं मला चहा पाजला आणि म्हणाला, "दादा, तुजा पंखा काढून देतोस का? मंग मी छत काढतो." बायको पंखा काढू देणार नव्हती, त्यामुळे वाटाघाटी तिथंच थांबल्या.

मग माघातली हळद आली. आत्याच्या नातीची, म्हणजे आतेभावाच्याच मुलीची. दुपारनंतर गावातल्या बायका नऊवाऱ्या नेसून, हळदीची वाटी आणि नवरीला घेऊन चौकीकडे निघाल्या. डीजेवाला मांडवात वायरी जोडत होता. आम्ही पुरुष रिवाजाप्रमाणे दाराबाहेर. कारकुनाच्या जमातीला आत प्रवेश नाही.

आत्यानं सुरुवात केली. आम्हाला बाहेर काही ऐकू आलं नाही. मला वाटलं अजून सुरू व्हायचंय. आतून बायकांची कुजबुज आली, "म्होरं हो गं, आयकू येत नाय." मग आत्या बाहेर आली. नातीच्या कपाळाला अजून हळदीचं बोट लागलं नव्हतं.

तिनं मुलाला हाक मारली. "मांडवाचा बांबू आन."

"कशाला, आई?"

"तुज्या बापाला उतरवायचाय."

आतेभावाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आई, बाबांचं नाव हाय त्याच्याव! सगल्या गावासमोर—"

"त्याचा नाव माज्या कुंकवात व्हता, सगल्या गावासमोर. तेवा कोनी विचारला नाय जड होतंय का." आत्या म्हणाली. "तुजा बाप तुजा असंल. नवरा माजा व्हता. मी बोलते, काढ."

अध्यक्ष पुढे झाले. त्यांना उंबरठ्याची काळजी होती. एक नाव निघालं की दुसरं निघायला वेळ लागत नाही. "वैनी, रीत काय पडंल—"

"रीत हलदीची हाय. टाइल्सची कंदी झाली?"

नवरी आतून म्हणाली, "पप्पा, काढा ना, मेकअप जातोय." आतेभावानं एकदा आईकडे पाहिलं, एकदा मुलीकडे, आणि मांडवाकडे जाऊन बांबू घेऊन आला. पण स्वतः मारायचं त्याला धाडस होईना. त्यानं बांबू माझ्याकडे दिला.

"दादा, तू मार. तू वाचवलीस ना चौकी?"

मी रिवाज मोडून आत शिरलो आणि मारला. पहिल्या दणक्यात काही झालं नाही. दुसऱ्यात कमळ विझलं. तिसऱ्यात अख्खा तुकडा खाली आला आणि त्याच्यामागे बाकीचं, जसं ते सगळं कुणाच्या तरी परवानगीचीच वाट बघत होतं. पांढऱ्या धुळीचा लोट दारातून बाहेर आला. बायका खोकत, हसत भिंतीला चिकटल्या. हळदीची वाटी कुणीतरी पदराखाली धरली होती म्हणून वाचली. आमचे वडील पंख्यासकट एका बाजूला कलले. धूळ बसली तेव्हा वर ते जुनं चुन्याचं गोल छत दिसलं, कळकट, जळमटं लोंबणारं. बाई असत्या तर रडल्या असत्या.

आतेभावानं वडिलांच्या नावाचा तुकडा तेवढा शोधून काढला, रुमालानं पुसला आणि छातीशी धरून दाराबाहेर माझ्याशेजारी उभा राहिला. आम्ही दोघंही पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसत होतो.

आत्या आत गेली. घसा साफ केला, आणि गायली.

तो आवाज बारीकच होता, पण छतानं तो उचलला आणि दारातून, खिडकीतून बाहेर टाकला. मांडवातला डीजेवाला हातात वायर तशीच धरून वळला. बायकांनी मागून ओळ धरली आणि काळ्या दगडातून दहा जणींचं भांडण बाहेर पडायला लागलं. नाक आलं, अक्षर आलं, बायको आली. मग काही ओळी अशा आल्या की आतल्या बायका गाता गाता हसायला लागल्या. काठी आपटणाऱ्याचं काहीतरी होतं. डोक्यावर बसणाऱ्याचं होतं.

आतेभावानं कान टवकारले.

"दादा," तो हळूच म्हणाला, "आई कारकुनाला शिव्या देते ना?"

"हो रे. जुना धवला आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचा."

आत आणखी एक ओळ झाली आणि बायका इतक्या हसल्या की गाणंच थांबायची वेळ आली.

"एवडा जुना असंल," तो म्हणाला, "तर त्याच्यान पीओपी कसा आला?"